घाटात अडखळणारी मोटार

विद्यार्थ्यांनो, पोलादपूर सोडले की महामार्गाचा जुना रस्ता कशेडी घाट चढू लागतो. आषाढातला पाऊस, दाट धुके आणि आपली जुनी प्रीमियर पद्मिनी धक्के खाऊ लागते. चालक म्हणतो, "गाडी मिसिंग करते." अशा वळणावर मोटार बंद पडली तर जिवाला धोका! म्हणून प्लगच्या वायरी पावसापूर्वी महाडमध्येच तपासून घ्याव्यात.

मुंबईच्या टॅक्सींतून ही मोटार २०२३ साली गेली. हौशी लोकांकडे मात्र ती अजून आहे. तिच्या इंजिनात चार सिलिंडर व चार प्लग असतात. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते. ही वीज डिस्ट्रिब्युटरमधून वायरींनी प्लगकडे जाते. वायरीचे रबर तडकले आणि ओले झाले, की ठिणगी वाटेतच इंजिनाच्या लोखंडावर उडी मारते. मग त्या सिलिंडरातले पेट्रोल जळत नाही.

मेकॅनिक अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारतो. निळ्या ठिणग्या दिसल्या, की दोष सापडला. तुम्ही दुरूनच पाहा. हा झटका फार जबर असतो.

वायरी बदलताना इंजिन बंद व थंड हवे. वायर ओढू नये. टोकाची रबरी टोपी धरून काढावी. एक काढावी, तेवढ्याच लांबीची नवी बसवावी, मगच दुसरीला हात लावावा. चारही एकदम काढल्या तर १-३-४-२ हा ठिणग्यांचा क्रम चुकतो आणि चांगली मोटारही खोकू लागते. दोष एकाच वायरीत असला तरी चारही बदलाव्यात. उरलेल्या तीनही तितक्याच जुन्या असतात ना!