रायपूरच्या मराठी घराण्याचा माग

प्रश्न : पूर्वज नागपूरकर भोसल्यांबरोबर रायपूरला आले, असे घरात सांगतात. हे कसे पडताळावे?

उत्तर : असा शोध वर्तमानाकडून भूतकाळाकडे न्यावा. प्रथम वडीलधाऱ्यांकडून कुलदैवत, गोत्र व मूळ गाव लिहून घ्यावे. मग जिल्हा अभिलेखागारातील मिसल, म्हणजे ब्रिटिशकालीन जमाबंदीत गावच्या जमिनीचे कब्जेदार नोंदवणारे दप्तर, पाहावे, कारण त्यात बहुधा पित्याचे नाव व जातही आढळते. त्यामागे जाण्यास नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, म्हणजे यजमान कुळांच्या वंशनोंदी, उपयोगी पडतात. मात्र जुना मजकूर मोडी लिपीत असल्यास जाणकार सोबत घ्यावा लागतो. हाती आलेल्या नोंदी राजकीय कालक्रमाशी ताडाव्यात : बिंबाजी भोसल्यांचा कारभार (१७५८-१७८७) रतनपूरहून चालला, पुढे सुभेदार नेमले गेले, १८१८ मध्ये ब्रिटिश देखरेखीखाली कारभाराचे केंद्र रायपूरला आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, त्यामुळे पुढे नोकरीनिमित्त आलेले कुटुंबही घरच्या आठवणीत भोसल्यांबरोबर आलेले ठरू शकते. दोन स्वतंत्र पुराव्यांचा मेळ बसेपर्यंत ही माहिती कुलपरंपरा म्हणूनच नोंदवावी.