पित्ताशयाचे ऑपरेशन आणि ९४ टक्क्यांचा हिशोब

'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हटलं की आपल्याला बुद्धिबळ खेळणारा किंवा गप्पा मारणारा संगणक आठवतो. पण हे तंत्र यकृत, स्वादुपिंड आणि पित्तनलिकेच्या शस्त्रक्रियेपर्यंतही पोचलं आहे. त्यातलं एकच उदाहरण पाहू, कारण त्यात आपल्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा धडा आहे.

यकृतात तयार झालेले पित्त मुख्य पित्तनलिकेतून आतड्यात जाते. पित्ताशय म्हणजे त्याची साठवणीची टाकी. ही टाकी एका छोट्या नळीने मुख्य नलिकेला जोडलेली असते. खड्यांचा त्रास होऊ लागला की दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. असं पहिलं ऑपरेशन १९८५ साली जर्मनीत एरिश म्यूहे यांनी केलं. यात छोटी नळी कापायची असते. पण सूज आणि चरबीमुळे मुख्य नलिकाच छोटी नळी वाटली आणि ती कापली गेली, तर? रोग्याला कावीळ, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, क्वचित यकृत बदलण्याचीसुद्धा वेळ येते.

हे हात चुकल्यामुळे होतं का? अमेरिकेतील लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी अशा २५२ दुखापती तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडला, की ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम होता. म्हणजे कौशल्य कमी पडलं नाही, डोळ्यांनी फसवलं! यावर उपाय म्हणून स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्येच तीन अटी सांगितल्या होत्या: त्या भागातली चरबी साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी (नळी व रक्तवाहिनी) दिसल्याशिवाय काही कापू नका.

आता संगणकाचा प्रवेश. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गो-नो-गो-नेट' या कामात ३७ देशांतले २९० व्हिडिओ वापरले. तज्ज्ञ सर्जननी फ्रेमवर 'इथे काम सुरक्षित' आणि 'इथे धोका' असे भाग रंगवले, आणि न्यूरल नेटवर्क त्यावरून शिकलं. सुरक्षित भागासाठी अचूकता आली ९४ टक्के. वा! पण थांबा. त्याच भागाचा 'आयओयू' होता फक्त ०.५३. हे कसं काय?

नववीतले छेद आणि संयोग संच आठवा. आयओयू म्हणजे दोन भागांचा छेद भागिले संयोग. समजा, फ्रेममध्ये १००० चौकोन आहेत आणि त्यातले १०० खरोखर सुरक्षित आहेत. यंत्रानेही १०० रंगवले, पण त्यातले ७०च बरोबर. छेद ७०, संयोग १३०, म्हणून आयओयू ०.५४. चुकलेले चौकोन मात्र ३० अधिक ३०, म्हणजे ६०. अचूकता ९४ टक्के! इतकंच काय, यंत्राने एकही चौकोन रंगवला नाही तरी अचूकता ९० टक्के येईल आणि आयओयू शून्य. बाकीची रिकामी जागाच मार्क मिळवून देते.

दुसरी गोष्ट, सगळ्या चुका सारख्या नसतात. सुरक्षित जागेला 'धोका' म्हटलं तर सर्जनची पाच मिनिटं जातील. धोक्याच्या जागेला 'सुरक्षित' म्हटलं तर रोग्याचं आयुष्य बदलेल. बेरीज करताना दोन्ही चुका एकच धरल्या जातात. शिवाय कॅमेऱ्याला वरचा थरच दिसतो. चरबीखाली दडलेली नलिका यंत्रालाही दिसत नाही, ते फक्त अंदाज बांधतं. म्हणून हा रंग म्हणजे सल्ला. कापायचं की नाही, हा निर्णय आणि जबाबदारी सर्जनचीच.

ज्यांना प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल त्यांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गच्या 'कोलेक-८०' संचाकडे जरूर पाहावं. त्यात १३ सर्जननी केलेल्या ८० ऑपरेशनचे व्हिडिओ आहेत आणि संशोधनासाठी तो मागवता येतो. पण व्हायवाला 'अचूकता ९४ टक्के' असं सांगण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा: कशाच्या ९४ टक्के? आणि उरलेले सहा कोणाच्या वाट्याला आले?