शाळेचा निकाल कसा वाचावा?



दर साली दहावीचा निकाल लागतो. महागावच्या मुलांचा निकाल अमरावतीचे विभागीय मंडळ लावते. मग शाळेच्या फळ्यावर आकडा चढतो. "आमचा निकाल १०० टक्के!" आपल्याला आनंद होतो. व्हावाच. पण आता आपल्याला वाचता येते. तेव्हा आकडाही नीट वाचू या.

समजा, नववीत ४० मुले आहेत. त्यांत ४ मुले कच्ची. सगळी दहावीला बसली अन् ३६ पास झाली, तर निकाल ९० टक्के. आता तीच ४ मुले नववीत नापास केली. दहावीला ३६ बसली, ३६ पास झाली. निकाल १०० टक्के! शिकवणे मात्र काडीभरही वाढले नाही.

दुसरी वाट १७ नंबरच्या अर्जाची. ज्याची शाळा सुटली, त्याला बाहेरून परीक्षा देता यावी, म्हणून ही सोय आहे. सोय चांगली. पण शाळेतल्याच कच्च्या पोराला "तू बाहेरून बस" म्हटले, की ते शाळेच्या निकालातून वजा होते.

काही हेडमास्तर असे का करतात? आम्ही त्या खुर्चीत बसलो आहोत. निकाल घसरला, की पालक मुले दुसरीकडे नेतात. पट घटला, की तुकडी तुटते. तुकडी तुटली, की शिक्षक जादा ठरतो. ही भीती खोटी नाही. म्हणून चांगला मास्तर दहावीला देतात. पाचवीचे पोर कच्चे राहते. तेच पुढे नववीत अडते.

हे दुखणे जुने आहे. १८६२ साली इंग्लंडात शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरू लागले. शाळा तेवढेच घोकून घेऊ लागल्या. पुढे ती रीत सोडावी लागली.

शिक्षण हक्क कायद्याचे कुंपण ६ ते १४ वर्षांच्या मुलांना आहे. नववीचे मूल बहुधा त्याबाहेर गेलेले असते. तेथे नापास झालेली मुलगी घरी बसते. मग ती कापूस वेचायला जाते, नाहीतर तिचे लग्न ठरते.

म्हणून पालक-सभेत ३ प्रश्न विचारा :

१. आठवीत किती मुले होती?
२. त्यांतली दहावीला किती बसली?
३. उरलेली कोठे गेली?

भांडू नका. पण उत्तर मिळाल्याशिवाय उठूही नका. गाव टक्क्यांऐवजी पोरांचा हिशेब मागू लागले, तर हेडमास्तरांनाही कच्चे पोर शाळेत ठेवून शिकवायला बळ येईल.