महासाथीत दवाखाना पुन्हा उघडताना

आपल्या मंडळातील दोन-तीन सभासदांची मुले रेसिडेन्सी संपवून आता स्वतःच्या प्रॅक्टिसचा विचार करीत आहेत. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांपैकी एकाने मला विचारले, "काका, २०२० मध्ये तुम्ही ऑफिस बंद करून परत कसे उघडलेत? पुन्हा वेळ आली तर काय करायचे?" मागे जेवणाची रांग खोळंबली होती, त्यामुळे उत्तर अर्धवट राहिले. ते येथे देतो. ज्यांचा वैद्यकीय व्यवसायाशी संबंध नाही, त्यांनाही रुग्ण या नात्याने यातले काही उपयोगी पडावे.

न्यू जर्सीत २७ मार्च ते २६ मे २०२० या काळात तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया व दातांची कामे सरकारी आदेशाने थांबली होती. आमची फॅमिली प्रॅक्टिस. आम्हाला दार बंद करण्याची सक्ती नव्हती, पण एन-९५ मास्क मिळत नव्हते, म्हणून आम्ही रुग्णांना फोनवर व व्हिडिओवरच तपासू लागलो. जूनमध्ये दार उघडले तेव्हा पहिले काही दिवस आम्ही काउंटर पुसले, खुर्च्या पुसल्या, सहीची पेनेसुद्धा पुसली. रिसेप्शनपुढे प्लास्टिकचा पडदा लावला. आणि दुपारी एक वाजता सगळा स्टाफ मागच्या बिनखिडकीच्या खोलीत मास्क काढून डबा खायला बसला! दोन आठवड्यांत दोघींना लागण झाली. बहुधा रुग्णाकडून नव्हे, तर एकीकडून दुसरीला. त्या खोलीचा विचार मी केलाच नव्हता.

हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. म्हणून पुसण्याआधी हवेचा हिशेब करावा. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, हा आकडा इमारतीची वातानुकूलन यंत्रणा सांभाळणाऱ्याकडून मागून घ्या. तासाला दोनदाच बदलत असेल, तर रुग्ण निघून गेल्यावर हवेतले ९९ टक्के कण जायला सुमारे १३८ मिनिटे लागतात. सहा वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटे, बारा वेळा असेल तर २३. आमची तपासणीची खोली दहा फूट बाय बारा फूट, उंची आठ फूट, म्हणजे ९६० घनफूट. मिनिटाला १६० घनफूट शुद्ध हवा देणारे हेपा फिल्टरचे यंत्र आणले, तर तासाला ९,६०० घनफूट, म्हणजे दहा वेळा हवा बदलल्यासारखे झाले. एवढ्या गणिताला इंजिनिअर लागत नाही. (आपल्या मंडळात त्यांचीही वाण नाही म्हणा.)

या गणितावरून वेळापत्रक ठरते. खोकला-तापाचे रुग्ण शेवटच्या तासात, एकाच खोलीत. बाकीचे सकाळी. गाडीत थांबायचे, फोन आला की आत यायचे. रुग्णाला मास्क, डॉक्टर-नर्सला एन-९५. आणि तो चेहऱ्यावर नीट बसतो की नाही याची चाचणी करूनच. दाढीवर तो घट्ट बसत नाही, हे आपल्या काही तरुण डॉक्टरांना पटवणे सोपे नसते. ऑफिस बरेच दिवस बंद असेल तर नळ भरपूर वाहू द्यावेत, आणि लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ सेल्सिअसमध्येच राहिले होते का, ते नोंदवहीत पाहावे.

दारात ताप मोजणे ठीक आहे, पण त्यावर विसंबू नये. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस आजार पसरवू शकतो. खरा प्रश्न पगाराचा आहे. तासावर काम करणारी रिसेप्शनिस्ट घसा दुखत असतानाही येते, कारण न आल्यास त्या दिवसाचे पैसे बुडतात. भरपगारी आजारपणाची रजा हा मला मास्कइतकाच महत्त्वाचा खर्च वाटतो.

आता पैशांविषयी. आम्ही दिवसाला चोवीस रुग्ण पाहत होतो, उघडल्यावर चौदा. भाडे, विमा, पगार मात्र चोवीसचेच. धंदा बंद पडल्यास भरपाई देणारी पॉलिसी आपल्याकडे आहे म्हणून बरेच जण निश्चिंत होते. पण २००६ पासून अशा अनेक पॉलिसींत विषाणूमुळे होणारे नुकसान वगळलेले असते. आपली पॉलिसी काढून ते कलम आजच वाचा. २०२० मध्ये सरकारने सरासरी मासिक पगारखर्चाच्या अडीचपट कर्ज दिले व अटी पाळणाऱ्यांना ते माफही केले, परंतु ती योजना ३१ मे २०२१ रोजी संपली. पुढच्या वेळी असे काही मिळेलच असे धरू नका. तीन महिन्यांचा ठराविक खर्च बाजूला हवा, आणि बँकेची क्रेडिट लाइन धंदा चांगला चालू असतानाच मंजूर करून घ्यावी. अडचणीत असताना बँक कागदपत्रे फार मागते.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच झाली. "तातडीचे नसेल तर येऊ नका" असे आम्ही मार्चमध्ये सर्वांना कळवले. जूनमध्ये "आता या" हे कोणालाच कळवले नाही. मधुमेहाचे एक जुने रुग्ण ऑगस्टमध्ये आले तेव्हा पायाचे बोट काळे पडले होते. ते काढावे लागले. "तुम्ही गडबडीत असाल, म्हणून फोन केला नाही," असे ते म्हणाले. त्यानंतर आम्ही यादी केली: मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि लसी राहिलेली मुले. रोज दहा जणांना आपणहून फोन. मार्चअखेर भारताची विमाने बंद झाल्यावर इकडेच अडकलेले सभासदांचे आई-वडील कोणत्याच डॉक्टरच्या यादीत नव्हते, आणि पुण्याहून आणलेल्या त्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. पाहुणे आले की त्यांच्या औषधांची मूळ नावे, म्हणजे ब्रँडची नव्हेत, आणि मात्रा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा.