नोकरी सोडू नकोस, वहीही सोडू नकोस

राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवला आहेस, असं वहिनीकडून कळलं. अजून दिला नाहीस ना? मग घाई करू नकोस. महसूल सहायक म्हणून तुझी नेमणूक झाली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. त्याच खात्यात मी कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि मधल्या सगळ्या काळात कथा लिहीत राहिले. तू म्हणतेस, दिवसभर दाखले आणि टपाल यांतच जीव जातो, लिहायला अंगात काही उरत नाही. खरं आहे. तरीही नोकरी सोडू नकोस असंच मी सांगणार, आणि का ते नीट सांगणार.

तुझे आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळा सुटली की गावच्या गणेशोत्सवासाठी नाटकं लिहायचे. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती: लेखणीला घर चालवायला लावू नकोस. पुढे मला ते हिशेबातूनच पटलं. समज, तुझ्या कथासंग्रहाची किंमत २५० रुपये आहे, ५०० प्रतींची आवृत्ती निघाली आणि प्रकाशकाने दहा टक्के मानधन ठरवलं. सगळ्या प्रती खपल्या तरी तुझ्या हाती १२,५०० रुपये येणार, आणि नव्या लेखकाच्या तेवढ्या प्रती खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. दिवाळी अंकाचं मानधन वर्षातून एकदा. एवढ्यात घरभाडं भागत नाही. मग माणूस मागेल त्याला मागेल ते लिहून देतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या, दुसऱ्याच्या नावावर जाणारी आत्मचरित्रं, रोजच्या मालिकेचे संवाद. ती कामंही कसबाची आहेत, मी त्यांना कमी लेखत नाही. पण दिवसभर दुसऱ्यासाठी वाक्यं जुळवून आल्यावर रात्री स्वतःचं वाक्य सुचणं फार कठीण. दाखले तपासून दमलेल्या डोक्यात शब्द निदान शिल्लक असतात.

ज्यांची पुस्तकं तू उशाशी घेऊन झोपतेस, त्यांच्याकडे बघ. इंदिरा संतांचे पती १९४६ साली गेले. पदरी लहान मुलं. बेळगावात शिक्षिकांना घडवणाऱ्या कॉलेजात नोकरी करून त्यांनी घर उभं ठेवलं, आणि ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ हे संग्रह त्याच वर्षांतले. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवत. लंपन या लहान मुलाच्या कथांचा त्यांचा पहिला संग्रह ‘वनवास’ १९९४ साली आला, तेव्हा संतांनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. लंपनचं मन मात्र तसंच कोवळं राहिलं होतं. नोकरीमुळे लेखन मरतं असं कुणी म्हणालं की मला हे मायलेक आठवतात. नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत आणि दापोलीकडचं कोकण लिहीत. त्यांच्या ‘रथचक्र’ला १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यांतल्या कुणाला आपल्यापेक्षा जास्त फुरसत होती असं मला वाटत नाही.

आता वेळेचं. इथे तू रोज दोन तास वगैरे नेम करतेस आणि आठवड्यात तो मोडला की रडत बसतेस. आपल्या खात्याचं वर्ष कसं चालतं ते आधी कागदावर मांड. फेब्रुवारी-मार्च वसुलीचे. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाच्या, जातीच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांना रांग लागते, ती जुलैपर्यंत हटत नाही. पाऊस जास्त झाला की पंचनामे. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की तारांकित प्रश्नांची माहिती आजच्या आज हवी. निवडणूक लागली तर मतदारयादीपासून मतमोजणीपर्यंत रविवारही आपला नाही. अशा आठवड्यांत नवी कथा सुरू करायची नाही. वहीत दिवसाला चार ओळी टिपल्या की पुरे, त्यासुद्धा जेवणाच्या सुट्टीत. खरा लेखनाचा काळ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंतचा आणि दिवाळीनंतरच्या काही आठवड्यांचा. तो आधीच राखून ठेव, त्या दिवसांत लग्नाच्या वऱ्हाडात जाऊ नकोस. संपादक दिवाळी अंकाचा मजकूर साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत गोळा करतात, म्हणजे तुझा पहिला खर्डा मे संपायच्या आत व्हायला हवा. जून-जुलैत थकलेल्या डोक्याने दुरुस्ती करता येते, नवं लिहिता येत नाही.

अर्जित रजेचंही सांगते. १ जानेवारी आणि १ जुलै असे दोनदा पंधरा-पंधरा दिवस खात्यावर जमा होतात आणि ३०० दिवसांपर्यंत साठतात. आपले बरेच सहकारी निवृत्तीच्या वेळी रोख मिळावी म्हणून त्या रजेला हातच लावत नाहीत. तू लाव. दरवर्षी सलग आठ-दहा दिवस लेखनासाठी घे, अर्जात ‘घरगुती कारण’ लिही आणि वहिनी-दादाला खरं कारण सांग. लांबलचक कथेचा सांधा सलग दिवसांतच बसतो, हा माझा अनुभव आहे.

कार्यालयाच्या वेळेत मात्र लिहायचं नाही. खिडकीसमोर एखादी म्हातारी वारसनोंदीसाठी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाहून दोन गाड्या बदलून आलेली असते. तिचं काम बाजूला ठेवून तू उत्तम परिच्छेद लिहिलास, तरी तो माझ्याच्याने वाचवणार नाही. सरकारी संगणकावर कथा टाइप करू नकोस, सरकारी कागदावर छापू नकोस. हे मी नियमाच्या भीतीने सांगत नाही. ज्या माणसांच्या जिवावर आपण लिहिणार, त्यांचं काम चोख करणं हे आपलं पहिलं देणं आहे.

आणि लिहिणार आपण त्यांच्याच जिवावर, यात शंका नाही. फेरफाराच्या एका नोंदीत केवढं नाट्य असतं ते तू पाहतेस. बहिणीने हक्कसोडपत्रावर अंगठा उठवताना भावाकडे न बघणं, सातबाऱ्यावर नाव लागल्यावर विधवेने तो उतारा पदरात बांधणं. टेबलाच्या या बाजूला बसल्याशिवाय हे दिसत नाही. विश्वास पाटील प्रशासनात होते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरच्या त्यांच्या ‘झाडाझडती’ला १९९२ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि ती वाचताना कळतं, की कागद हाताळलेल्या माणसालाच कागदाखाली दबलेला माणूस असा दिसतो. पण माझी एक अट आहे. आज पाहिलेलं उद्या लिहायचं नाही. काही वर्षं जाऊ दे. गाव बदल, नातं बदल, पिकं बदल. शेवटी भांडणाचा पीळ तेवढा खरा राहायला हवा. फाईलमधला कागद, पत्र, जबाब जसाच्या तसा कथेत येता कामा नये. नियमात ते बसत नाही, आणि ज्याने विश्वासाने आपल्यापुढे तोंड उघडलं त्याच्याशी ती बेइमानी होते.

नियमांची भीती तुला कुणीतरी घातलेली दिसते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ स्वतः वाच, मराठीत आहेत. निव्वळ वाङ्मयीन स्वरूपाचं प्रासंगिक लेखन करायला पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र त्यामुळे कर्तव्यात कसूर होता कामा नये. शासनाच्या धोरणावर जाहीर टीका आणि नियतकालिकाचं संपादन या गोष्टी वेगळ्या आहेत, तिथे सांभाळून. पुस्तक निघायची वेळ आली की कार्यालयाला लेखी कळवून ठेव आणि पोच घे. उद्या कुणी तक्रार केली तर ती पोच कामाला येते.

प्रकाशकाचा करारही असाच ओळ न ओळ वाचायचा. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर सही करण्याआधी विचार. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सोय आहे, की हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. पण कायमचे असं लिहून दिलंस, तर ही सोय तुझ्या उपयोगाची नाही. कथा आवडल्याचा आनंद वेगळा ठेव आणि कराराचा कागद वेगळा.

नोकरी कधीच सोडायची नाही का? तसं नाही. जयवंत दळवी मुंबईत अमेरिकेच्या माहिती खात्यात नोकरीला होते आणि सत्तरच्या दशकात त्यांनी ती सोडून पूर्णवेळ लेखन धरलं. पण त्याआधी त्यांची ‘चक्र’ कादंबरी येऊन बरीच वर्षं झाली होती आणि ‘ललित’ मासिकातला त्यांचा ‘ठणठणपाळ’ वाचकांच्या ओळखीचा झाला होता. तुझी दोन पुस्तकं येऊ देत, दोन वर्षांचा घरखर्च बँकेत बाजूला पडू दे, घरावरचं कर्ज फिटू दे. त्यानंतरही सोडावीशी वाटली तर मी स्वतः दादाशी बोलेन.

तोवर उद्या लग्नाचं ठरेल. मुलाकडच्यांना पगाराचा आकडा सांगतात, त्याच बैठकीत तुझी लिहायची वेळही सांगायची. मीठमसाला न लावता: सकाळी सहा ते सात ही लिहिते, तेव्हा चहा दुसरं कुणीतरी करेल. हे नंतर सांगता येत नाही, पोरी. आधी सांगितलेलं लोक मान्य करतात, उशिरा मागितलेलं त्यांना हट्ट वाटतं. मी माझ्या सासूबाईंना आधी सांगितलं होतं, आणि माझी पहिली छापील कथा त्यांनीच शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवली.

वारसनोंदीवरची ती कथा तू सुरू केली आहेस, तिचा खर्डा मेअखेर मला पाठव. ओळींमध्ये जागा सोडून छाप आणि समास मोठा ठेव, मी पेन्सिलीने लिहीन. मी घरची आहे, म्हणून तुला न ओळखणाऱ्या एखाद्या चांगल्या वाचकालाही दे. माझं आणि त्याचं ज्या ठिकाणी एकमत होईल, ती जागा आधी दुरुस्त करायला घे.