माझी आगबोट

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेस भगवतीचा किल्ला आहे. त्यालाच रत्नदुर्ग असेही म्हणतात. घोड्याच्या नालासारखा वळलेला डोंगराचा एक फाटा समुद्रात शिरला असून त्याच्या माथ्यावर हा किल्ला उभा आहे. तटावर उभे राहून पाहिले, म्हणजे समोर अथांग सागर पसरलेला दिसतो. पायथ्याशी भगवती बंदर आहे. जवळच मिरकरवाड्याच्या बंदरात मासेमारीच्या होड्या दाटीवाटीने नांगरलेल्या असतात. दक्षिणेस मांडवीचा किनारा आहे. आज या किनाऱ्यावर मुंबईला निघालेला उतारू दिसत नाही. परंतु एक काळ असा होता, की साऱ्या गावाचे डोळे या समुद्राकडे लागलेले असत. गाव वाट पाहत असे, ती मुंबईच्या आगबोटीची.

कोकणची भूमी चिंचोळी आहे. एका बाजूस सह्याद्रीचे उंच कडे आणि दुसऱ्या बाजूस समुद्र. मधल्या पट्टीलाही लहानमोठ्या खाड्यांनी ठिकठिकाणी छेदलेले आहे. ज्या काळी खाड्यांवर पूल नव्हते आणि घाटवाटा बिकट होत्या, त्या काळी समुद्र हाच कोकणचा हमरस्ता होता. पूर्वी या रस्त्याने शिडाची गलबते जात. पुढे वाफेवर चालणाऱ्या आगबोटी आल्या. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत रत्नागिरीस येई आणि तेथून मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण करीत वेंगुर्ल्याकडे जाई.

क्षितिजावर प्रथम धुराची एक रेघ दिसे. मग भोंगा वाजे, आणि निजलेले बंदर जागे होई. पाणी उथळ असल्यामुळे बहुतेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात नांगर टाकी. तेथपर्यंत उतारूंना नेण्याचे काम पडाव करीत. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बायका, ट्रंका, वळकट्या आणि आंब्यांच्या पेट्या यांनी भरलेला पडाव लाटांवर हेलकावे खात बोटीच्या कुशीला लागे. लाट वर आली, की नेमक्या त्याच क्षणी बोटीच्या शिडीवर पाऊल टाकावे लागे. क्षणाचा उशीर झाला, तर पडाव पुन्हा खाली जाई. अशा वेळी खलाशांचा बळकट हात हाच उतारूंचा आधार असे.

त्या एका बोटीवर किती जणांचे पोट चाले! पडाव वल्हविणारे खलाशी, ओझी वाहणारे हमाल, बैलगाडीवान, खानावळी चालविणारे आणि लहान दुकानदार या सर्वांचा दिवस तिच्या भोंग्याने सुरू होई. बोटीतून मुंबईस जात हापूस आंबे, नारळ, आमसुले आणि काजू. मुंबईहून येई कापड, किराणा आणि टपाल. आंबा हे नाजूक फळ आहे. तो वेळेवर बाजारात पोहोचला नाही, तर बागाईतदाराच्या वर्षभराच्या श्रमांवर पाणी पडते. म्हणून हापूसच्या हंगामात बोटीची वेळ ही साऱ्या जिल्ह्याच्या काळजीची बाब होऊन बसे.

आंब्यांबरोबर माणसेही जात. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोकणातील हजारो तरुण काम करीत. गावातील नापीक जमिनीवर घरातील सर्वांचे पोट भरत नसे, म्हणून घरातला कर्ता मुलगा बोटीत बसे. त्याची आई मांडवीच्या वाळूत उभी राहून, बोट दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे पाहत राही. पुढे महिन्यामहिन्याला त्याची मनीऑर्डर येई, आणि त्या पैशांवर गावाकडची चूल पेटे. शिमग्याला तोच मुलगा बोटीतून परत येई. बोट अशा रीतीने घर मोडीतही होती आणि घर चालवीतही होती.

या मार्गावर प्रथम परकीयांच्या हाती व्यवस्था असलेल्या कंपनीचा मोठा व्यवहार होता. पुढे स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहू लागले. तेव्हा देशी भांडवलावर उभारलेल्या एका कंपनीच्या बोटीही या किनाऱ्यावर धावू लागल्या. त्या कंपनीचे खरे नाव लांबलचक आणि इंग्रजी होते. कोकणच्या लोकांनी मात्र तिला एक सुटसुटीत नाव दिले. ते म्हणजे ‘माझी आगबोट कंपनी’. ज्याच्यापाशी तिकिटापुरतेही पैसे मोठ्या कष्टाने जमत, असा शेतकरीसुद्धा त्या बोटीला ‘माझी’ म्हणे. असे म्हणण्यास कारण होते. ती बोट त्याच्या गरजेसाठी येत होती. तिच्यात त्याचा आंबा होता, त्याचा मुलगा होता आणि त्याचे पत्रही होते.

हा प्रवास सुखाचाच होता, असे मात्र नव्हे. डेकवर माणसांची दाटी होई. समुद्र खवळला, की उतारूंचे हाल होत. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ नावाची बोट मुंबईहून रेवसला जात असता वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या दिवसाची आठवण कोकणात अजूनही हळहळ उत्पन्न करते. पावसाळ्यात तर रत्नागिरीकडील बोटी बंदच असत. मृगाचे ढग दाटून आले, की बंदर ओस पडे, आणि पावसाळा सरून समुद्र निवळला, म्हणजे पुन्हा भोंग्याचा आवाज ऐकू येई.

काळ बदलला. खाड्यांवर पूल झाले. मोटारी थेट गावात येऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-कोकण बोटवाहतूक बंद पडली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. प्रवास जलद आणि सुरक्षित झाला, ही आनंदाची गोष्ट होती. परंतु मुसाकाजीसारख्या लहान बंदरांची गजबज मात्र नाहीशी झाली. पडाव वाळूवर पडून राहिले. बोटीच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस उगवत असे, त्यांना दुसरा धंदा शोधावा लागला. येणाऱ्या बोटीवर जो किनारा सर्वस्वी विसंबून राहतो, त्याला ती येईनाशी होताच फार सोसावे लागते, हा धडा कोकणास अशा प्रकारे मिळाला.

आज जगात निराळ्या प्रकारच्या बोटी दिसू लागल्या आहेत. त्या कोणाला कामाच्या गावी पोहोचवीत नाहीत. केवळ सहलीसाठी त्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात हिंडतात. एकेका बोटीत तीनचार हजार प्रवासी असतात. तिच्यातच भोजनगृहे, दुकाने आणि पोहण्याचे तलाव असतात. अशा बोटींमुळे किनाऱ्याचे काय होते, हे कॅरिबियन समुद्रातील केमन बेटांवर चांगले पाहावयास मिळते.

केमन बेटांची लोकवस्ती एक लाखाहूनही कमी आहे. २०१९ साली मात्र सहलीच्या बोटींतून तेथे दहा लाखांहून अधिक प्रवासी आले. जुन्या रत्नागिरीप्रमाणेच तेथेही मोठी बोट दूर उभी राहते आणि लहान नावांतून प्रवाशांना किनाऱ्यावर आणतात. ते काही तास हिंडतात आणि संध्याकाळी निघून जातात. नाव चालविणाऱ्यांना, टॅक्सीवाल्यांना आणि दुकानदारांना त्यापासून चार पैसे मिळतात. परंतु प्रवाशांचे जेवण आणि निवास बोटीवरच असल्यामुळे त्यांच्या खर्चाचा मोठा भाग किनाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय बेटाभोवतीच्या पाण्यात प्रवाळांचे खडक आहेत. प्रवाळ हे सूक्ष्म जीवांनी बांधलेले घर होय. त्याचे काही मोठे खडक वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. बोटीचा अवजड नांगर आणि त्याची साखळी त्यांवरून घासत गेली, तर शेकडो वर्षांची रचना घटकाभरात मोडून पडते.

मोठ्या बोटी थेट किनाऱ्याला लागाव्यात, म्हणून तेथील शासनाने खोल पाण्याचा धक्का बांधण्याचे योजिले. धक्का झाला नाही, तर नव्या प्रचंड बोटी येईनाशा होतील आणि अनेकांचा रोजगार बुडेल, असे धक्क्याच्या बाजूचे लोक म्हणत. त्यांची काळजी खोटी नव्हती. धक्क्यासाठी समुद्राचा तळ उकरल्यास प्रवाळ नष्ट होतील आणि एवढी गर्दी लहानशा बेटाला झेपणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. २०१९ साली एक चतुर्थांशाहून अधिक मतदारांनी अर्जावर सह्या करून या प्रश्नावर सार्वमत घेण्याची मागणी केली. पुढे २०२५ साली सहलीच्या बोटींसाठी धक्का असावा की नसावा, यावर सार्वमत झाले, तेव्हा बहुमताने नकार दिला. निर्णय कोणताही असो, तो किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी स्वतः विचार करून घेतला, हे विशेष होय.

हा प्रश्न आता रत्नागिरीच्याही दाराशी आला आहे. २०१८ साली मुंबई ते गोवा अशी ‘आंग्रिया’ नावाची सहलीची बोट सुरू होऊन काही काळ चालली. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेल्या प्रवाळक्षेत्रालाही हेच नाव आहे. भगवती बंदरात सहलीच्या बोटींसाठी धक्का व प्रवासीगृह उभारण्याची योजना महाराष्ट्र शासनाने आखली आहे. बोटी आल्या, तर लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा पाहण्यास परगावचे लोक येतील. वाटाड्यांना, रिक्षावाल्यांना आणि आंबापोळी विकणाऱ्या बायकांना काम मिळेल. परंतु त्याच पाण्यावर मिरकरवाड्याच्या मच्छीमारांचा संसार चालतो. जिल्ह्याच्या काही किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात. त्यांचा विचार कोणी करावयाचा? बोटीवरील कचरा कोठे जाईल? एका दिवशी किती माणसे गावाला झेपतील? बोट येण्यापूर्वीच या प्रश्नांची उत्तरे शोधली पाहिजेत.

बोट हे मोठे उपकारक साधन आहे. पण ते कोणाच्या उपयोगी पडते, हे बोटीच्या आकारावर अवलंबून नसते. उद्या भगवती बंदरात एखादी झगमगणारी बोट येऊन उभी राहील. तिच्या उजेडाने सारे बंदर उजळून निघेल. तिला पाहून किनाऱ्यावरचा कोळी, बागाईतदार आणि हमाल पूर्वीप्रमाणे मोकळ्या मनाने ‘माझी आगबोट’ असे म्हणू शकेल काय? तो तसे म्हणाला, तरच बोट रत्नागिरीस खऱ्या अर्थाने आली, असे समजावे.

स्वाध्याय

१. जुन्या काळी समुद्राला कोकणचा हमरस्ता का म्हणत?

२. ‘बोट घर मोडीतही होती आणि घर चालवीतही होती’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. केमन बेटांवर धक्क्याविषयी कोणती दोन मते होती? तुम्हांस कोणते पटते? कारणे द्या.

४. तुमच्या गावी बाहेरून पुष्कळ माणसे येऊ लागली, तर गावाने कोणते नियम करावेत? दहा ओळी लिहा.