व्हीआर हेडसेट : कोणता घ्यावा?

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाला व्हीआर हेडसेट हवाय. त्यासाठी महागडा कॉम्प्युटरही घ्यावा लागेल ना? – एक आई, सांगली

उत्तर : नाही ताई, हा गैरसमज मनातून काढून टाका. मेटाचा क्वेस्ट ३एस कॉम्प्युटरशिवाय चालतो. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ मुळात पीएस ५ या गेमिंग कन्सोलसाठी बनवलेला. घरी पीएस ५ असेल आणि मुलाला ग्रान तुरिस्मो ७ सारख्या मोटारशर्यतींचं वेड असेल, तरच तो पाहा. नाहीतर क्वेस्टच बरा. त्यावर बीट सेबर आहे : गाण्याच्या तालावर अंगावर येणारे ठोकळे तलवारींनी कापायचे, मुलगा घामाघूम होतो! सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच खेळू द्या. मळमळलं की लगेच थांबवा. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका, भिंगांतून ऊन शिरलं की आतला पडदा कायमचा जळू शकतो.